रस्त्याचा सातबारा

‘दुचाकीवरील ताबा सुटून अपघात.’ पावसाळा लागला की हे वाक्य वर्तमानपत्रांच्या शहर पानावर सारखं दिसू लागतं. ताबा कशामुळे सुटला हे बातमीच्या शेवटच्या ओळीत कधी असतं, कधी नसतं. पोलिसांच्या कागदात ते बहुधा नसतंच.

मागच्या जुलैमध्ये आमच्या शेजारचे काका-काकू रात्री बारशाहून परतत होते. पाऊस होता, रस्त्यावर घोटाभर पाणी होतं आणि गल्लीच्या तोंडाशी असलेला खड्डा पाण्याखाली गेला होता. स्कूटरचं पुढचं चाक आत गेलं, काकू मागच्या सीटवरून फेकल्या गेल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलने पोलीस चौकीला कळवलं. हवालदार आले, अतिशय चांगले वागले, काकांचा जबाब लिहून घेतला. मी तिथेच उभा होतो. जबाबात ‘पावसामुळे गाडी घसरली’ एवढंच होतं. मी म्हटलं, ‘साहेब, खड्डा राहिला.’ ते म्हणाले, ‘खड्डा लिहिला तर चौकशी वाढते. गाडी कोण चालवत होतं, किती वेगात होतं, सगळं काकांवरच येतं. कशाला या वयात त्यांना त्रास?’ ते खोटं बोलत नव्हते. मागे बसलेली बायको दगावली आणि निष्काळजीपणाचा गुन्हा गाडी चालवणाऱ्या नवऱ्यावरच दाखल झाला, असे प्रकार आपल्याकडे घडलेले आहेत. काकांनी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी त्या खड्ड्यात गुलमोहराची फांदी खोचली आणि तिला लाल प्लास्टिकची पिशवी बांधली. त्या खड्ड्याची नोंद कुठे झाली असेल तर ती तेवढीच.

खड्ड्यांवर आपण कमी बोलत नाही. दर पावसाळ्यात आंदोलनं होतात, खड्ड्यांत झाडं लावली जातात, फोटो फिरतात. आणि तो सगळा राग ‘खड्डे कधी बुजवणार?’ या एकाच प्रश्नावर खर्च होतो. माझं म्हणणं असं आहे की या प्रश्नातच आपण फसतो, कारण त्याचं उत्तर देणं फार सोपं आहे. खडी-डांबराची एक गाडी पाठवली की उत्तर झालं. विचारायला हवं ते वेगळंच. हा रस्ता कधी झाला, कोणी केला, किती जाडीचा केला, त्याची हमी कोणत्या तारखेपर्यंत आहे, त्यानंतर तो कोणी खोदला आणि खोदलेला भाग कोणी तपासून घेतला? आपल्याकडे दोन गुंठे जमिनीचाही सातबारा निघतो. सातमध्ये मालक, बारामध्ये पीक, इतर हक्कांत बोजा. राज्यातले अडीच कोटींहून अधिक सातबारे आज संगणकावर आहेत. मग ज्या रस्त्यावर आपण रोज जीव घेऊन निघतो त्याचा सातबारा का निघू नये? तो निघत नाही तोवर खड्ड्यांवरून आरडाओरडा होईल, पण कोणाला नेमकं जबाबदार धरता येणार नाही.

खड्डा पडतो कसा, हे एकदा नीट समजून घेतलं की ‘पाऊसच एवढा झाला’ हे उत्तर पटेनासं होतं. डांबर खडीला धरून ठेवतं. उन्हाने आणि हवेने ते कडक होत जातं आणि वरच्या थरावर केसाएवढी भेग पडते. त्या भेगेतून पाणी खाली उतरतं. वरून जड गाडी गेली की अडकलेलं पाणी दाबाखाली येऊन खडीवरचं डांबर सोलून काढतं, खालची बारीक माती वर उपसतं, आत पोकळी होते आणि एके दिवशी वरचा थर खचतो. आपल्याला वाटतं खड्डा एका रात्रीत पडला. त्याची सुरुवात दोन उन्हाळ्यांपूर्वी झालेली असते. आपल्या पठारावर याच्या जोडीला काळी माती आहे. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर मुरूम-खडीचे थर पुरेसे न दाबता डांबर पसरलं तर तो रस्ता पहिल्या दिवसापासूनच आजारी असतो. वजनाचा हिशेबही लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात रस्त्यांची एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून असं दिसलं की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान साधारण सोळापट होतं. म्हणजे रस्ता मोडतात ती जड वाहनं. स्कूटरचा त्यात वाटा जवळजवळ शून्य, आणि हाडं मोडतात ती मात्र स्कूटरवाल्यांची.

यातून एक गोष्ट निघते. रस्ता वाचवायचा असेल तर काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावं लागतं. भेगा तेव्हाच बुजवायच्या, कडेची गटारं मे संपण्याआधी मोकळी करायची, काढलेला गाळ तिथेच काठावर न ठेवता उचलून न्यायचा, रस्त्याचा मधला उंचवटा आणि कडेकडचा उतार राखायचा, म्हणजे पाणी थांबणार नाही. ही कामं स्वस्त आहेत, कंटाळवाणी आहेत आणि बघायला कोणी येत नाही. सगळा घोळ या शेवटच्या गोष्टीत आहे.

आमच्या खड्ड्याला गाडी आली ती ऑगस्टमध्ये. मी फाटकाशी उभा राहून बघत होतो. रीतसर करायचं तर खड्ड्याच्या कडा चौकोनी आणि सरळ कापायच्या, आतलं सैल सगळं काढायचं, तो कोरडा करायचा, पातळ डांबराचा हात द्यायचा, मग गरम माल थराथराने भरून रोलरने दाबायचा. गाडीतल्या मालाची वाफ केव्हाच निघून गेली होती. एका माणसाने खराट्याने पाणी बाजूला लोटलं, पायाला गोणपाट बांधलेल्या दोन बायांनी घमेली ओतली, एकाने फावड्याच्या पाठीने थोपटलं आणि टेम्पोचं मागचं चाक त्यावरून दोनदा नेलं. सहा मिनिटांत गाडी पुढे गेली. जाताना मुकादमाने मोबाइलवर फोटो काढला. मी त्याला विचारलं, पाऊस उघडायची वाट का नाही बघत? तो म्हणाला, ‘रोजचा आकडा द्यावा लागतो, साहेब.’ अकरा दिवसांनी खड्डा होता तिथेच होता. पुन्हा गाडी आली, पुन्हा फोटो निघाला.

त्या माणसांना मी दोष देत नाही. भर पावसात उभं राहून ते मिळेल तो माल भरत होते. दोष आकड्याचा आहे. दर पावसाळ्यात महापालिका ‘इतके हजार खड्डे बुजवले’ असं सांगतात. त्या आकड्यात एकच खड्डा चारदा बुजवला तर ती चार कामं होतात, आणि ज्या रस्त्यावर खड्डा पडलाच नाही तो रस्ता हिशेबात येतच नाही. ज्या अभियंत्याने मार्चमध्ये भेगा बुजवून घेतल्या त्याच्या नावावर जुलैमध्ये काहीच काम दिसत नाही. मोजणीची ही पद्धत जोवर आहे तोवर कितीही प्रामाणिक अधिकारी आला तरी त्याला खड्डे बुजवण्यातच अडकावं लागेल.

आता राजकारणाकडे येतो. नगरसेवकाला पाच वर्षांनी मत मागायला यायचं असतं, त्यामुळे त्याला दिसेल असं काम हवं असतं, हे स्वाभाविक आहे. नव्या रस्त्याचं भूमिपूजन होतं, नारळ फुटतो, ‘यांच्या प्रयत्नातून’ असा फलक लागतो. गटाराचा गाळ काढल्याचं भूमिपूजन होत नाही. पुण्यात अंदाजपत्रकातल्या ज्या भागाला ‘स यादी’ म्हणतात, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली कामं, त्यात बाकं, नामफलक, कमानी, पेव्हर ब्लॉक हे वर्षानुवर्षं येत राहिलं. पण हे फक्त नगरसेवकाचं पाप म्हणून सोडून देणं बरोबर नाही. पेव्हर ब्लॉक मागायला आपणच जातो. आमच्या सोसायटीनेही कडेची मातीची पट्टी चिखल होतो म्हणून फरसबंद करून घेतली होती, आणि जे पाणी तिथे मुरायचं ते तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबू लागलं. त्या अर्जावर माझीही सही आहे.

टक्केवारीबद्दल इतकं बोललं गेलंय की मी त्यात भर घालणार नाही. फक्त एक गोष्ट. अंदाजपत्रकापेक्षा पंचवीस-तीस टक्के कमी दराने काम घेतलं गेल्याच्या बातम्या आपण ‘पालिकेचे पैसे वाचले’ म्हणून वाचतो. डांबर आणि खडी बाजारात त्याच भावाने मिळते. मग तो फरक भरून कुठून निघणार? बहुतेक वेळा जाडीतून. वरचा थर ठरल्यापेक्षा अर्धा इंच कमी पडला तर ते डोळ्यांना दिसत नाही; यंत्राने गोल नमुना कापून काढला तरच कळतं. असे नमुने काढण्याची तरतूद असते. त्यांचे निकाल त्या रस्त्यावर राहणाऱ्यांना कधी दाखवले जात नाहीत.

आणि विचारायचं कोणाला, हा प्रश्न तर आपल्या निवडणूक पद्धतीनेच अवघड करून ठेवलाय. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक आहे. बाकीच्या महापालिकांमध्ये बहुसदस्यीय प्रभाग. पुण्यात 41 प्रभाग आणि 165 नगरसेवक, म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रभागात चार. चार जणांचा प्रभाग म्हटला की खड्डा नेमका कोणाच्या वाट्याचा, हे कोणीच सांगू शकत नाही. एकाकडे गेलं की तो दुसऱ्याचं नाव सांगतो, दुसरा म्हणतो निधी तिसऱ्याने वळवला. मतदार रागावला तरी तो राग चौघांत वाटला जाऊन पातळ होतो.

यावर काहीजण म्हणतात, राजकारणी नकोतच, अधिकाऱ्यांच्या हाती कारभार द्या. तो प्रयोग आपण करून बघितलाय. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, पुण्याचीही त्याच महिन्यात. नवी मुंबई, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली इथे तर 2020 पासूनच प्रशासक होते. निवडणुका झाल्या त्या 15 जानेवारी 2026 रोजी, 29 महापालिकांच्या एकदम. एवढी वर्षं आयुक्तांच्या हातात सगळे अधिकार होते, सभागृहात प्रश्न विचारायला कोणी नव्हतं. त्या काळात रस्ते सुधारले असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? नगरसेवक नसले की तक्रार घेऊन जायचं दारही बंद होतं, एवढं मात्र त्या वर्षांत सगळ्यांनी अनुभवलं. रस्ते आणि पूल हा 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतला, म्हणजे शहराच्या कारभाराकडे सोपवायच्या कामांच्या यादीतला विषय आहे, आणि महापालिका कायद्यात रस्त्यांची देखभाल हे बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. ते कर्तव्य लोकांनी निवडलेल्या माणसांकडूनच वसूल करावं लागेल.

न्यायालयांनी आपल्या बाजूने बरंच केलं. 2013 साली न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्या पत्रावरून मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांची स्वतःहून दखल घेतली आणि पुढे चांगले रस्ते हा घटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. 2013 ते 2017 या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे जवळपास 15,000 माणसं गेली, ती आकडेवारी समोर आल्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या डिसेंबरमध्ये कडक शब्दांत नाराजी नोंदवली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 198-अ हे कलम आलं. रस्त्याचे निकष न पाळणाऱ्या यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि संदेश पाटील यांच्या खंडपीठाने ठरवून दिलं, की खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई मिळावी, आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी-कंत्राटदारांकडून वसूल व्हावी.

तो निकाल वाचून मला फार बरं वाटलं. मग काकांची आठवण झाली. त्यांच्या हातात जो कागद आहे त्यावर खड्डाच नाही. आणि समजा असता, तरी वसूल कोणाकडून करणार? तो रस्ता कोणी केला आणि तो हमीच्या मुदतीत होता का, याची नोंद हाताशी असल्याशिवाय ही वसुली होणार कशी?

पुणेकरांना जंगली महाराज रस्त्याची गोष्ट तोंडपाठ असते. 1976 साली मुंबईच्या रिकॉन्डो कंपनीने तो केला, दहा वर्षांची हमी दिली आणि पुढे कित्येक दशकं त्यावर खड्डा पडला नाही. आपण ती गोष्ट कंपनीच्या कारागिरीची म्हणून सांगतो. मला तिच्यातला दुसरा धागा महत्त्वाचा वाटतो. ते काम मार्गी लावणारे श्रीकांत शिरोळे हे लोकांनी निवडून दिलेले तरुण नगरसेवक होते. हमी मागणारा एक लोकप्रतिनिधी होता आणि ती देणारा एक कंत्राटदार. पन्नास वर्षांनी आजही तो रस्ता कोणी, कधी, किती वर्षांच्या हमीवर केला हे रिक्षावालासुद्धा सांगतो. इतर कोणत्या रस्त्याबद्दल आपल्याला एवढं ठाऊक आहे?

ही मागणी अशक्य नाही. गावाकडे जा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याच्या तोंडाशी एक फलक असतो. त्यावर लांबी, किंमत, कंत्राटदाराचं नाव, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम लिहिलेली असते. त्या योजनेत रस्ता बांधणाऱ्यावरच पाच वर्षांच्या देखभालीचा करार असतो. तिथेही सगळं आलबेल नाही, पण वाडीवरचा माणूस फलकाकडे बोट दाखवून बोलू शकतो. लाखो लोकसंख्येच्या शहरात दोषदायित्व कालावधी, म्हणजे कंत्राटदाराच्या हमीची मुदत, हा शब्द निविदेच्या कागदात राहतो आणि गल्लीत तो कोणालाच माहीत नसतो.

सगळे रस्ते सिमेंटचे करा, हा उपाय हल्ली जोरात आहे. मुंबईने तर दोन हजार किलोमीटरच्या जाळ्यासाठी तोच मार्ग धरलाय. मुख्य, जड वाहतुकीच्या रस्त्यांवर तो योग्य असेलही. पण खालची पाण्याची आणि मलनिस्सारणाची लाइन कुठून गेली आहे हे माहीत नसताना वर काँक्रीट ओतलं तर दोन वर्षांनी तेच फोडावं लागतं, आणि फोडलेलं काँक्रीट पूर्वीसारखं जुळत नाही. नोंद नसेल तर सिमेंटनेही काही सुटणार नाही.

म्हणून नव्या नगरसेवकांकडे माझं एकच मागणं आहे. प्रभागातल्या प्रत्येक रस्त्याची एक पानी नोंद लावा, ती संकेतस्थळावर आणि रस्त्याच्या तोंडाशी, दोन्हीकडे. काम कधी झालं, कोणी केलं, थर किती, नमुन्याचा निकाल काय, हमी कधी संपते, नंतर कोणी खोदलं. दर फेब्रुवारीत ती नोंद घेऊन चौघांनी मिळून रस्ता चालून बघा, लोकांना बरोबर घ्या. कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची तरतूद आहे. ती भरवायला या कामापेक्षा चांगलं निमित्त कोणतं?

आमच्या गल्लीच्या रस्त्यासाठी मी गेल्या ऑक्टोबरमध्ये माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता. विचारलं होतं की शेवटचं डांबरीकरण कधी झालं, कंत्राटदार कोण, हमी कधीपर्यंत, आणि या वर्षी प्रभागात किती खड्डे बुजवले. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं. पहिल्या तीन प्रश्नांपुढे लिहिलं होतं, ‘सदर माहिती अभिलेखावर आढळून येत नाही.’ चौथ्यासाठी स्वतंत्र तक्ता जोडला होता, आठवडावार, तारखांसह. मी प्रथम अपील केलंय, सुनावणीची तारीख लागली आहे. काकू वॉकर घेऊन आता गल्लीच्या तोंडापर्यंत जातात. काकांनी चौकीतून जबाबाची प्रत काढून आणली आणि माझ्या फाइलला लावायला दिली. सुनावणीला ते स्वतः येणार आहेत, खड्डा राहून गेल्याचं सांगायला.